दयारा बुग्यालचं सहा दिवसांचं पॅकेज: नागपूरकरांनी पैसे भरण्याआधी काय तपासावं

उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्यालचा ट्रेक बहुतेक कंपन्या एकाच साच्यात विकतात. डेहराडून ते डेहराडून, सहा दिवस, पातळी ‘सोपी’. पहिल्यांदाच हिमालयात चालणाऱ्या नागपूरकरानं हे पॅकेज घ्यावं का? नक्की घ्यावं. उंचीच्या हिशोबानं नवख्यांसाठी इतकी चांगली आखणी असलेले ट्रेक थोडेच आहेत. मात्र सहा दिवसांचं गणित नागपूरहून निघणाऱ्याला पुरत नाही, आणि तब्येतीच्या चौकशीचा जो फॉर्म भरून घेतात तो विदर्भातल्या माणसासाठी अपुरा आहे.

बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर आणि कायमचा बर्फ सुरू होण्याआधी पसरलेलं गवताळ कुरण. रैथल आणि आसपासच्या गावांतले लोक उन्हाळ्यापासून गुरं घेऊन इथे वर येतात. ऑगस्टच्या मध्यावर लोणी-ताकाची होळी खेळतात ती याच कुरणात.

आता उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, डेहराडून साडेसहाशेच्या आसपास. रैथल गाव साधारण २,२०० मीटरवर, पहिला तळ गुई २,९०० च्या जवळपास, पुढचा चिलापडा ३,०५० च्या आसपास. कुरणाचा माथा सुमारे ३,६०० मीटर. माथ्यावरून त्याच दिवशी खाली नयाटाला, म्हणजे पुन्हा २,८०० च्या घरात उतरायचं.

या आकड्यांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा माथ्याचा नाही, मुक्कामाचा आहे. विरळ हवेचा त्रास दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात यावर जास्त ठरतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. दयाराच्या आखणीत तो आपोआप पाळला जातो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो, पण तिथे तुम्ही तास-दोन तास थांबता, झोपत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांमध्ये रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, त्यामुळे तंबू खालच्या जंगलपट्ट्यातच लागतात. निकाल गवत वाचवण्यासाठी होता, पण नवख्या ट्रेकरच्या डोक्याला आणि फुफ्फुसांनाही त्याचा फायदाच झाला. ‘खास कुरणात तंबू’ असं कोणी विकत असेल तर तो माणूस नियम मोडतोय आणि तुम्हाला उगाच जास्त उंचीवर झोपवतोय. अशाला पैसे देऊ नका.

तुलनेसाठी केदारकंठा घ्या. माथा ३,८०० मीटरच्या आसपास, शेवटचा तळही बराच वर, आणि पहाटे अंधारात, बहुधा बर्फातून चढाई. फोटो सुंदर येतात, पण पहिल्या ट्रेकला तो नको. चोपता–तुंगनाथला फरसबंद वाट असल्यानं पाय सुखावतात, पण लोक एका दिवसात वर जाऊन येण्याची घाई करतात आणि डोकं धरून बसतात. बेदनी-अली सुंदरच आहे, फक्त रस्त्याचा प्रवास जास्त आणि चालही जास्त.

कंपनीकडे काय विचारायचं, तर आधी वाटाड्यांबद्दल. किती ट्रेकरमागे किती वाटाडे? चालताना सगळ्यात मागे कोण असतं? दहाजणांमागे एक पुढचा आणि एक मागचा वाटाड्या ही किमान अपेक्षा ठेवा. मुख्य वाटाड्यानं गिर्यारोहणाचा कोर्स कुठून केला हेही विचारा. उत्तरकाशीतच १९६५ पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, त्यामुळे तिथे शिकलेली माणसं या पट्ट्यात मिळणं अवघड नाही. प्राणवायूचं सिलिंडर तळावर असतं की चालताना सोबत, हा तिसरा प्रश्न. माहितीपत्रकात सिलिंडर सगळ्यांकडेच असतं, पण ते गुईला आणि माणूस माथ्यावर, असा प्रकार झाला तर काय उपयोग? रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरची नोंद ठेवतात का, हेही विचारा. नुसत्या एका आकड्यावर घाबरायचं नसतं. त्याच माणसाचा आकडा काल किती होता आणि आज किती, हे बघायचं असतं.

मग पॅकेजमध्ये काय धरलंय ते बघा. जेवण, तंबू, स्लीपिंग बॅग, वाटाड्या, वनखात्याचं शुल्क एवढं बहुतेक ठिकाणी असतं. वेगळे पैसे लागतात ते डेहराडून–रैथल गाडीचे, पाठीवरची सॅक खेचरावर द्यायची असेल तर त्याचे, बूट-जाकीट भाड्यानं घेतलं तर त्याचे, आणि वर ५ टक्के जीएसटी. दोन कंपन्यांची तुलना या सगळ्यासकट करा, नाहीतर स्वस्त दिसणारं पॅकेज शेवटी महाग पडतं. स्लीपिंग बॅग किती तापमानाला चालते आणि एका तंबूत किती माणसं, हे लेखी घ्या. तीन माणसांच्या तंबूत तिघं सामानासकट झोपले की कूस बदलायला जागा राहत नाही; दोघं म्हणजे आराम.

रैथलमध्ये घरगुती मुक्काम मिळतो आणि गावातले वाटाडेही मिळतात. चार-पाचजणांचा गट असेल आणि एकजण तरी आधी हिमालयात चाललेला असेल तर हा पर्याय आमच्या मते जास्त चांगला, कारण तुमच्या चालीप्रमाणे एक दिवस वाढवता येतो. ठरलेल्या तारखेच्या मोठ्या गटात कोणा एकासाठी कोणी थांबत नाही. मात्र सगळेच नवखे असतील तर कंपनीबरोबरच जा.

तब्येतीचा फॉर्म नीट वाचा. रक्तदाब, दमा, हृदयविकार, मधुमेह हे त्यात असतं. बहुतेक फॉर्मवर नसतो तो सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात, त्यातही नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येनं आहेत आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं. एरवी वाहकाला काही त्रास होत नाही. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेतला रक्तपुरवठा अडवू शकतात. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ येते. ‘चमक भरली’ म्हणून ते अंगावर काढायचं दुखणं नाही, लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. सिकलसेलची तपासणी साध्या रक्तचाचणीनं होते. घरात कोणाला असेल किंवा आधी कधी तपासलं नसेल, तर बुकिंगच्या आधी करून घ्या आणि अहवाल डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्यानं या उंचीवर जाऊ नये.

विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल नेहमी विचारलं जातं. दयाराच्या आखणीत निरोगी माणसाला ती सरसकट लागत नाही. डॉक्टरांनी दिलीच तर प्रतिबंधासाठी नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते, त्यानं घाबरू नका, पाणी वाढवा. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी वर जायचं नाही. त्रास वाढला, बोलणं-चालणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी उतरायचं. दयाराची मोठी जमेची बाजू इथे आहे. कुठल्याही तळावरून काही तासांत रैथल किंवा बारसू गाठता येतं आणि तिथून मोटाररस्ता आहे.

हंगामाबद्दल जाहिरातीतले फोटो फसवतात. हिरवंगार कुरण आणि फुलं ही पावसाळ्यातली, पांढरंशुभ्र कुरण जानेवारी-फेब्रुवारीतलं. मे महिन्यात बर्फ नुकता वितळलेला असतो आणि गवत पिवळट-तपकिरी, मधूनमधून हिरवं. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे नागपूरची कुटुंबं मे-जूनच धरतात. हवामान तेव्हा ठीक असतं. अडचण दोन गोष्टींची. एक, चारधाम यात्रा सुरू असते आणि रैथलचा फाटा गंगोत्रीच्या रस्त्यावर भटवाडीलाच फुटतो, म्हणून डेहराडूनहून आठ-नऊ तासांचा प्रवास कितीही लांबू शकतो. दोन, नागपूरच्या ४५ अंशांतून माणूस आधीच कोरडा पडून निघतो. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून पाणी आणि ओआरएस वाढवलं नाही तर गुईला दुखणारं डोकं उंचीचं की पाणी कमी पडल्याचं, हे कळतच नाही.

जुलै-ऑगस्ट टाळा. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत जो पुराचा लोंढा आला तो याच रस्त्यावर, पुढे. जूनही बेभरवशाचा असू शकतो. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला याच जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात अडकून ९ ट्रेकर दगावले. ती वाट दयारापेक्षा बरीच उंच आहे, पण अंगावर गरम कपडे आणि वेळेत मागे फिरणं या दोन गोष्टी इथेही तितक्याच लागतात. आमची पसंती दिवाळीच्या सुट्टीला. आकाश स्वच्छ, बंदरपूंछ आणि श्रीकांत शिखरं पूर्ण उघडी, गवत सोनेरी. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, त्याची तयारी ठेवायची.

नागपूर सपाट आहे, ही सरावातली खरी अडचण. आठ आठवडे धरा. फुटाळा किंवा अंबाझरीला पहाटे चाल सुरू करा आणि शेवटी ५ किलोमीटर ४० मिनिटांत जमायला हवेत. एवढ्यानं चढ जमत नाही. त्यासाठी इमारतीचे जिने: आठवड्यातून तीनदा, दहा मजल्यांपासून सुरुवात करून चाळीसपर्यंत, शेवटचे तीन आठवडे पाठीवर ६ किलो घेऊन. लिफ्टनं खाली येऊ नका. गुडघे रडवतात ते माथ्यावरून नयाटाच्या उतारावर, आणि मांडीचे स्नायू उताराला फक्त उतरूनच तयार होतात. महिन्यातून एकदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या दोन-तीनदा वर-खाली करा. पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा चालत केलेल्याला पायांची काळजी नाही, पण हवेचा अंदाज त्यातून येत नाही. पचमढी हजार मीटरच्या थोडी वरच आहे.

बूट घोट्याच्या वर येणारे, एरवीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. उतारावर बोटं पुढे आपटतात आणि लहान बुटात नखं काळी पडतात. निघण्याआधी त्याच बुटांत ५० किलोमीटर तरी चाला. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. घामानं भिजलेला सुती कपडा वाळत नाही आणि अंग गार पाडतो. आत ड्रायफिट, त्यावर फ्लीस, त्यावर जाड जाकीट, वरून पोंचो. नागपुरात गरम कपडे एप्रिल-मेमध्ये धड मिळत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात जाणार असाल तरी खरेदी आदल्या हिवाळ्यात, तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार असतानाच करा. सॅक ४५ ते ५० लिटरची, कमरेचा पट्टा असलेली, भरून ८ किलोच्या आत. हेडलॅम्प आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या बऱ्या. नळीच्या पिशवीतलं पाणी थंडीत गोठतं. सोबत सातूचं पीठ, चिवडा आणि थोडी संत्रा बर्फी ठेवा, कारण उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चव तेवढी खाल्ली जाते.

राहिलं तिकिटांचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून ट्रेकची तारीख त्याआधी पक्की करा. नागपूरहून दिल्लीची रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्ली–डेहराडून, रात्र डेहराडूनला. थेट रेल्वेतून उतरून घाटाच्या गाडीत बसू नका. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास. परतीला ट्रेक संपतो त्याच संध्याकाळचं डेहराडूनहून तिकीट काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दरड कोसळली किंवा जाम लागला की ते तिकीट गेलं, दिल्लीचं जोडतिकीटही गेलं. डेहराडूनला एक मोकळा दिवस धरला तर नागपूर ते नागपूर दहा दिवस होतात. रजेचा अर्ज तेवढ्याचाच करा.