इलिओस्टोमीनंतर काय प्यावं: पाणी, शहाळं, ताक, ओआरएस की घरचं द्रावण?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार) मोठं आतडं काढून इलिओस्टोमी केली, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून मल गोळा करायला तिथे पिशवी लावली, की पाणी आणि मीठ शोषणारा महत्त्वाचा भागच गेलेला असतो. पिशवी वारंवार भरायला लागली की घरचे काळजीने म्हणतात, "भरपूर पाणी पी." नेमकं इथेच चुकतं. पिशवीतून जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे साधारण ६ ग्रॅम मीठ जातं आणि ते साध्या पाण्याने भरून येत नाही.

म्हणून आधी मोजा. खुणा असलेल्या जगमध्ये पिशवी रिकामी करा आणि दिवसभराची बेरीज मांडा. ५०० ते ८०० मिली येत असेल तर तहानेप्रमाणे पाणी प्या, जेवणात मीठ पुरेसं घ्या, एवढं बहुतेकांना पुरतं. दीड लिटरच्या वर गेलं की हिशेब बदलतो: बिनमिठाचं पाणी आतड्यात रक्तातलं सोडियम ओढून घेतं आणि पिशवी आणखी भरते. अशा वेळी पाणी, चहा, कॉफी मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर, आणि बाकी सगळं मीठ-ग्लुकोजचं द्रावण. ही मर्यादा मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. इथे तुटवडा सोडियमचा असतो. आवडीने प्यायला हरकत नाही, उपाय म्हणून नको. उसाचा रस आणि गोड सरबतं तर पाणी ओढून पिशवी वाढवतातच.

ताकाचं गणित चिमटीत फसतं. चिमूटभर मीठ पुरत नाही, २०० मिली ताकाला १ ग्रॅम लागतं. गाळलेल्या पेजेलाही तेच माप.

ओआरएसची (मीठ-ग्लुकोजची तयार पावडर) जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी बरोबर एक लिटर पाण्यात घाला. लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल (क्षारांचं प्रमाण मोजायचं एकक), ग्लुकोजही तेवढंच, आणि ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत शोषलं जातं. प्रवासात, उन्हाळ्यात हीच सोयीची. दुकानातली तयार गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवरचं सूत्र वाचूनच घ्या.

पिशवी सतत दीड लिटरच्या वर असेल तर आमची पसंती लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या द्रावणाला: १ लिटर पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. लिटरमागे सोडियम सुमारे ९० मिलिमोल. चमच्याचं माप घरोघरी वेगळं, म्हणून डिजिटल वजनकाटाच वापरा. बेकिंग पावडर चालत नाही. खारट लागतं, गार करून दिवसभर घोट घोट घ्या, २४ तासांनी उरलेलं टाका. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे रक्ततपासणी चुकवू नका.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर एवढं मीठ स्वतःहून सुरू करू नका. लघवी थोडी आणि गडद, उभं राहताच चक्कर, पायात गोळे अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पिशवी अचानक कोरडी पडून पोटात कळा आल्या तर आतड्यात अडथळा असू शकतो; तेव्हा काही न खाता लगेच निघा.