शेरूचा डबा: प्रतापनगरातली घरगुती सेवा

आमच्या भागात एक ताई कुत्र्यांसाठी घरचा डबा देतात. भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, लाल भोपळा, गाजर; उन्हाळ्यात चमचाभर साधं दही. मीठ-तिखट नाही, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण नाही. त्यानं कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि शिजवला तरी धोका तोच. तेव्हा सावजीचा उरलेला रस्सा भातावर ओतून देणाऱ्यांनो, जरा थांबा नं बाप्पा!

भोपळा इतका मऊ, की बोटानं दाबला की लगदा. आमचा शेरू आधी तोच चाटून संपवतो, चिकन नंतर. (कुत्रा आहे की उपासाचा पाहुणा, देव जाणे.) हिवाळ्यात संत्र्याच्या एकदोन फोडी येतात, साल नि बिया काढून. द्राक्षं-मनुका मात्र कधीच नाही. त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

तक्रार वेळेची. मे महिन्याच्या उन्हात डबा दुपारी एकला येतो, झाकण उघडलं की दह्याचा आंबूस भपकारा. सकाळी पाठवा म्हटलं, तर "बघते" एवढंच उत्तर. सध्या बंद केलाय, पाऊस लागला की पुन्हा लावीन.