तयार गिटार-खोका: पुठ्ठा दमदार, आतला माल अपुरा

कुरिअरने गिटार पाठवण्यासाठी तयार संच मिळतात. त्यात फाइव्ह-प्लाय (पाच थरांच्या) पुठ्ठ्याचा लांबट खोका, दोन्ही टोकांना बसवायचे घडीचे पुठ्ठे, हवेच्या पिशव्यांची माळ आणि टेपचा एक रोल असतो. यातला खोका पैसे वसूल करतो. बाकीच्या वस्तूंबद्दल तसं म्हणता येत नाही.

आधी माप पाहू. बहुतेक संचांचा खोका साधारण १२७ × ५१ × २० सेंटीमीटरचा असतो. इलेक्ट्रिक गिटारची हार्ड केस त्यात ऐसपैस बसते. ड्रेडनॉटची (मोठ्या बॉडीच्या अकूस्टिक गिटारची) केस मात्र १५-१६ सेंटीमीटर जाड असते, म्हणजे वर-खाली जेमतेम दोन-दोन सेंटीमीटर उरतात. चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर भराव हवा, हा हिशेब धरला तर हा खोका ड्रेडनॉटला तोकडा आहे. २५ सेंटीमीटर जाडीचा घ्यावा, पण खिशाला चाट बसते. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० असं आकारमानाचं वजन काढतात. पहिल्या खोक्याचं ते २६ किलो भरतं, दुसऱ्याचं ३२ च्या वर. आतली गिटार केससकट आठ-नऊ किलोची का असेना!

खरी अडचण संचात काय नाही, ही आहे. गिटार प्रवासात मोडते ती बहुतेक वेळा नटच्या (वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, आणि खोक्याला ओरखडाही नसताना मोडते. खोका पाठीवर आपटला की बॉडी केसच्या तळावर थांबते, पण हेडस्टॉक (खुंट्यांचं वरचं टोक) केसमध्ये अधांतरी असतो. सहा ट्यूनर्सचं (खुंट्यांचं) वजन घेऊन तो मागे झटका खातो आणि नेक (गिटारची मान) सगळ्यात बारीक असते तिथेच तडकते. गिब्सन पद्धतीच्या गिटारींना हा धोका जास्त: हेडस्टॉक १७ अंशांपर्यंत मागे झुकलेला, महोगनीचे रेषे तिथे तिरके कापलेले, आणि वर ट्रस रॉडच्या (तारांचा ताण तोलणाऱ्या नेकमधल्या सळईच्या) फिरवायच्या नटसाठी लाकूड कोरून काढलेलं. फेंडरसारखा सरळ, मेपलचा हेडस्टॉक बराच सोसतो. संचातले टोकाचे पुठ्ठे केसला बाहेरून धरतात. केसच्या आत काय हलतंय, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

म्हणून आतला भराव स्वतःच करायचा. साधा क्राफ्ट कागद चुरगाळून हेडस्टॉकच्या खाली, दोन्ही बाजूंना आणि वर भरा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. नेकखाली नटपर्यंत आधार द्या. कागद हेडस्टॉकला टेकला पाहिजे, त्याला वर ढकलता कामा नये. झाकण जोर न लावता मिटलं तर भराव बरोबर. दाबावं लागलं तर थोडा कागद काढा. बॉडीच्या कमरेशी आणि खालच्या टोकाशीही फट ठेवू नका.

तारांबद्दल टोकाचे सल्ले ऐकू येतात. १२ ते ५३ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) अकूस्टिक सेटचा ताण सुमारे ७० किलो असतो, म्हणून तारा एक ते दीड स्वर उतरवा. पूर्ण काढू नका: ट्रस रॉडचा ओढा एकतर्फी राहतो, आणि आर्चटॉप (फुगीर बॉडीची गिटार) असेल तर ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) सुटून बॉडीवर घसरतो. तारा आणि फ्रेट्स यांच्यामध्ये दुमडलेला कागद सरकवा. ट्रेमोलोचा (सूर हलवायचा) दांडा, कॅपो (तारा दाबायचा चिमटा), क्लिप ट्यूनर (सूर जुळवायचं छोटं यंत्र) बाहेर काढून वेगळे बांधा. खालचं स्ट्रॅप बटण (पट्टा अडकवायची खुंटी) स्क्रूचं असेल तर तेही काढा, कारण खोका उभा आपटला की ते खिळ्यासारखं लाकडात घुसतं.

नायट्रोसेल्युलोज लॅकर (जुन्या पद्धतीचं नाजूक पॉलिश) असलेल्या गिटारीला बबल रॅप थेट लावू नये, फुग्यांचे ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात. आधी सुती कापड, मग हवं ते.

हवेच्या पिशव्या सरळ बाजूला ठेवा. एक जरी फुटली तरी केस खोक्यात खेळू लागते. त्याऐवजी फोमचे तुकडे किंवा पुठ्ठ्याच्या घट्ट गुंडाळ्या वापरा. टेपचा रोल पातळ असतो. किमान ४८ मिलिमीटर रुंदीची चांगली टेप घेऊन दोन्ही तोंडांना इंग्रजी ‘एच’च्या आकारात लावा, मधल्या सांधीवर दुहेरी. मग खोका उभा करून हलवा. आतून खडखड आली तर उघडून पुन्हा भरा. ‘नाजूक’ची चिठ्ठी हवी तर लावा, पण कुरिअरच्या सरकत्या पट्ट्याला वाचता येत नाही. विम्याच्या दाव्यात पॅकिंग अपुरं होतं असा मुद्दा निघू शकतो, म्हणून प्रत्येक थराचा फोटो मात्र काढून ठेवा.

नुसत्या गिग बॅगेतली (मऊ पिशवीतली) गिटार या संचात पाठवू नये. पुठ्ठा टोचण्यापासून वाचवतो, वाकण्यापासून नाही.

खोका दुसऱ्यांदा वापरायचा असेल तर कोपरे बोटांनी दाबून पाहा; मऊ लागले तर पुठ्ठ्याच्या आतला नागमोडी थर चेपला आहे, नवा घ्या. आणि गिटार थंडीतून आली असेल तर घेणाऱ्याला आधीच कळवा: खोका घरात न उघडता २४ तास ठेवायचा. एकदम ऊब लागली तर लॅकरला बारीक भेगा पडतात.