वेबसाइट आमची, सातबारा त्यांच्या नावावर

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वकील मित्रमैत्रिणींनी हे जरूर वाचावं, आणि ज्यांनी नुकतीच ऑफिसची वेबसाइट करून घेतली आहे त्यांनी तर आजच वाचावं. पैसे बुडाले हा यातला लहान भाग. पैसे घेऊन झाल्यावर वेबसाइट करून देणाऱ्या लोकांनी आम्हाला आमच्याच सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, भीती घातली. आणि ती इतक्या सराईतपणे घातली की हे त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल असं मला वाटत नाही.

आमचं ऑफिस लहान आहे. अण्णा म्हणजे माझे सिनिअर, मी, एक ज्युनिअर आणि एक क्लार्क. दिवाणी दावे, कौटुंबिक कामं आणि मोटार अपघात भरपाईचे अर्ज. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या याद्या देणाऱ्या ऑनलाइन पोर्टल्सवर कडक ताशेरे ओढले आणि पाठोपाठ बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, राज्यांच्या कौन्सिलना कारवाई करायला सांगितलं. बार रूममध्ये त्याचीच चर्चा होती. नेमकी तीच बातमी हातात घेऊन एक तरुण ऑफिसला आला. टापटीप कपडे, बोलणं अदबीचं. म्हणाला, "सर, पोर्टलवरून तुमचं नाव जाणार. मग अशील तुम्हाला शोधणार कुठे? वकिलाला स्वतःच्या वेबसाइटची परवानगी आहे. आम्ही फक्त वकिलांचंच काम करतो, सगळं नियमात बसवून देतो."

परवानगी आहे हे खरंच आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पण २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन ठरावीक माहितीपुरती वेबसाइट चालते. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, सनदेची तारीख, कोणत्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी आणि कोणत्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करतो. इतकंच. त्याने ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. नियम इतका नीट माहीत असलेला माणूस पाहून अण्णांचं समाधान झालं. हाच नियम पुढे तो आमच्याविरुद्ध वापरणार होता.

सुरुवातीचे ३५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. दरमहा 'मार्केटिंग'चे ९,००० अधिक जीएसटी. आम्ही करारनामा मागितला तेव्हा 'कामाचा प्रस्ताव' म्हणून दोन पानांची पीडीएफ आली आणि खाली लिहिलं होतं की पैसे जमा होणं म्हणजेच मान्यता. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी बऱ्याच उशिरा सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी आधीच रद्द झालेली होती. म्हणजे कर म्हणून घेतलेली रक्कमही त्यांच्याच खिशात. बहुतेक वकिलांची स्वतःची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळे आपण परतावा मागत नाही आणि बिलाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जीएसटीच्या साइटवर क्रमांक टाकायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पहिला हप्ता देण्याआधी एवढं करा.

आता साइटबद्दल. लॅपटॉपवर दाखवली तेव्हा देखणी होती. फोनवर उघडली तर अख्खं पान आक्रसून काडेपेटीएवढं दिसायचं, बोटांनी मोठं करून आडवं सरकवत वाचावं लागायचं. मराठी मजकूर टाइप केलेला नव्हता, चित्र म्हणून चिकटवलेला होता. फोन नंबरही त्या चित्रातच, त्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागत नसे. आमच्याकडे येणारा माणूस पाटण, जावळी, माणमधून येतो. त्याच्याकडे लॅपटॉप नसतो, साधा अँड्रॉइड फोन असतो, तोही कधी भाच्याचा. त्याला नंबर दाबता आला नाही तर त्या साइटचा उपयोग काय?

हे विचारल्यावर त्यांनी काय पाठवावं? गूगलचा लोगो असलेलं 'मोबाइल-फ्रेंडली सर्टिफिकेट', ऑक्टोबर २०२४ ची तारीख घातलेलं. असं सर्टिफिकेट गूगल कुणालाच देत नाही. साइट फोनवर नीट चालते का हे तपासायचं गूगलचं एक साधन होतं, तेही डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं. आज तपासायचं असेल तर गूगलचंच 'पेजस्पीड इनसाइट्स' फुकट उपलब्ध आहे, पत्ता टाकला की मोबाइल आणि संगणक असे दोन्ही निकाल समोर येतात. आणि गूगल आता साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच वाचून नोंद ठेवतं. जे पान फोनवर धड नाही आणि ज्यात सगळा मजकूर चित्रात आहे, ते शोधात वर येईल असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय एवढं ओळखा.

'पहिला नंबर' दाखवायची त्यांची युक्तीही सांगते, कारण ती बऱ्याच ऑफिसांत चालते. तो आमच्या ऑफिसात बसला, अण्णांचा फोन मागून घेतला, 'वकील सातारा' असं टाकलं, आणि नकाशावर पहिलं नाव आमचं. अण्णा खूश. पण आसपासची ठिकाणं दाखवताना गूगल शोधणारा कुठे उभा आहे हे बघतं. आमच्याच खुर्चीत बसून, आमच्याच फोनवर शोधलं तर आमचंच नाव वर येणार. मी कराडच्या बहिणीला शोधायला सांगितलं, तिला आम्ही कुठेच दिसलो नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही असं गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि नकाशावरच्या नोंदीचे तर ते पैसेच घेत नाहीत.

तक्रारी वाढल्यावर त्यांनी 'मोबाइल व्हर्जन' दिलं. खाली हिरवं व्हॉट्सॲपचं बटण, शेजारी 'कॉल करा'. आम्हाला वाटलं, चला, काम मार्गी लागलं. महिन्याच्या महिन्याला रंगीत आलेखांचा रिपोर्ट यायचा, इतके हजार 'इम्प्रेशन्स' (किती वेळा दिसलं), इतका 'रीच' (किती जणांना दिसलं). फोन मात्र यायचे नाहीत.

ते का येत नव्हते, हे पाटण तालुक्यातल्या एका आजींमुळे कळलं. त्यांचा मुलगा महामार्गावरच्या अपघातात गेला. भाच्याने फोनवर आमची साइट शोधली आणि 'कॉल करा' दाबलं. पलीकडून कुणी तरी 'लीगल हेल्पडेस्क' म्हणून बोललं, नोंदणी फी म्हणून २,००० रुपये यूपीआयने मागवले आणि अर्ज लगेच दाखल होईल असं सांगितलं. पुढे काहीच हलेना म्हणून आजी एसटीने साताऱ्याला आल्या, पत्ता विचारत ऑफिसात आल्या आणि भाच्याने छापून दिलेला स्क्रीनशॉट माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, पैसं भरल्यात आमी. अर्ज कंदी टाकताय?"

त्या कागदावर आमच्या ऑफिसचं नाव होतं, अण्णांचा फोटो होता, आणि नंबर आमचा नव्हता.

मोटार अपघात भरपाईच्या अर्जाला २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. आजींची मुदत संपत आली होती. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळी कागदपत्रं गोळा करून आम्ही अर्ज वेळेत दाखल केला, फी न घेता. पण त्या बटणावर बोट ठेवून किती लोक त्या 'हेल्पडेस्क'पर्यंत गेले असतील आणि त्यातले आमच्या दारापर्यंत पोचलेच नसतील, हे आठवलं की अजून झोप उडते. त्यांना विचारलं तर म्हणाले, तो 'कॉल ट्रॅकिंग' नंबर आहे, सगळीकडे असतो. किती फोन आले हे मोजायला मध्ये ठेवलेला ट्रॅकिंग नंबर ही चीज असते हे खरं. पण तो फोन शेवटी आपल्याच ऑफिसात वाजला पाहिजे.

मी त्याच दिवशी काम थांबवायला सांगितलं आणि साइटचा ताबा मागितला. तेव्हा कळलं की आमच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्या संस्थेच्या नावावर नोंदलेलं आहे. गूगलवरच्या आमच्या ऑफिसच्या नोंदीचा मालक म्हणून त्यांचा ईमेल. घर आम्ही पैसे मोजून बांधलं आणि सातबाऱ्यावर नाव बिल्डरचं, असा तो प्रकार. डिझाइनवरही हक्क सांगता येईना, कारण कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने केलेल्या अशा कामाचा पहिला मालक सहसा करणाराच असतो, हक्क लेखी लिहून घेतल्याशिवाय आपल्याकडे येत नाहीत.

मी नोटिशीची भाषा काढली, आणि मग तो अदबीने बोलणारा मुलगा फोनवर शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या साइटवर '९८ टक्के केसेस जिंकल्या' असं लिहिलंय. 'साताऱ्यातील नंबर १ वकील' लिहिलंय. सरांचा निवृत्त जजसाहेबांबरोबर फोटो आहे. नियम ३६ तुम्हाला माहितीये. आम्ही स्क्रीनशॉट बार कौन्सिलला पाठवले तर सरांच्या सनदेचं काय होईल? बाकीचे तीन हप्ते भरा, विषय संपवू."

आम्ही मंजूर केलेल्या मजकुरात यातलं एकही वाक्य नव्हतं. ती पानं नंतर टाकली गेली होती, मुखपृष्ठावरून दिसणार नाहीत अशा ठिकाणी. शिवाय परराज्यातल्या नावांनी पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय टाकलेले, त्यातल्या एकात तर 'प्रॉडक्ट चांगलं आहे, पॅकिंग उत्तम' असं लिहिलेलं. नियम मोडणारा मजकूर घालायचा, आणि मग त्याच मजकुराच्या धाकावर पैसे मागायचे. वकील तक्रार करणार नाही, कारण तक्रारीत ती पानं जोडावी लागतील, या हिशोबावर हे सगळं उभं आहे. अण्णांची चाळीस वर्षांची वकिली आहे. कधी कुणाचं बोट लागू दिलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि एकदा तर म्हणाले, "देऊन टाक तीन हप्ते, गप्प बसू दे."

आम्ही दिले नाहीत. जे केलं ते सविस्तर सांगते, कारण या जागी अडकलेल्या माणसाला तेवढंच उपयोगी पडेल.

आधी त्या साइटचं पानन् पान तारखेसह जतन केलं, स्क्रीनशॉट, पीडीएफ आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंगसुद्धा. आम्ही मंजूर केलेल्या मजकुराचे ईमेल काढले. मग त्या लोकांनी पाठवायच्या आधी आम्हीच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला पत्र पाठवलं: अमुक मजकूर आमचा नाही, आमच्या संमतीशिवाय टाकला आहे, डोमेन आमच्या ताब्यात नाही, आणि त्याच्या धाकावर पैसे मागितले जात आहेत. पत्र दाखल होऊन पोच हातात आली त्या क्षणी त्यांच्या धमकीतली हवा गेली. नंतर फोन आला तेव्हा मी फक्त आवक क्रमांक वाचून दाखवला. पुन्हा हप्त्याचा विषय निघाला नाही.

पोलिसांकडेही लेखी तक्रार दिली आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवली. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, धाक दाखवून पैसे उकळण्याला ३०८. आजींच्या २,००० रुपयांची तक्रार वेगळी केली, भाच्याच्या नावाने, यूपीआयच्या व्यवहार क्रमांकासह. अशा वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. आजींच्या बाबतीत ती वेळ निघून गेलेली होती.

गूगलवरची नोंद परत मिळाली. नोंदीवरच 'मालकीची विनंती' करण्याची सोय आहे, आधीच्या मालकाने मुदतीत उत्तर दिलं नाही तर पुढची पडताळणी आपल्याला करता येते. ऑफिसची पाटी, दार, आतली जागा असा व्हिडिओ काढून दिला आणि नोंद आमच्या ईमेलवर आली. खोटे अभिप्राय कळवून काढायला लावतो आहोत, अजून काही शिल्लक आहेत. डोमेन मात्र मिळालं नाही. डॉट इन नावांच्या वादासाठी लवादाची वेगळी पद्धत आहे, तो अर्ज तयार करतो आहोत.

नवी साइट आमच्या ज्युनिअरने तिच्या भावाकडून करून घेतली. एकच पान आहे. २००८ च्या दुरुस्तीत दिलेली माहिती, टाइप केलेल्या मराठीत, आणि ऑफिसचा खरा नंबर, दाबला की लागणारा. डोमेन अण्णांच्या नावावर आणि अण्णांच्या ईमेलवर, वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च. होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या जागेचा, पासवर्ड आमच्याकडे. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साधन आमच्या खात्यात, त्यामुळे गूगलच्या शोधातून खरोखर किती वेळा दाबून साइट उघडली गेली हे आम्हालाच दिसतं, रंगीत रिपोर्टवर विसंबायला नको. ज्याला काम द्यायचं त्याला आपल्या खात्यात वापरकर्ता म्हणून घ्यायचं, त्याच्या खात्यात आपण जायचं नाही.

जुनी साइट हे लिहीत असताना अजून चालू आहे. तिच्यावरचा नंबर आमच्या ऑफिसचा नाही. त्यावर कुणी पैसे मागितले तर देऊ नका, जिल्हा न्यायालयाच्या आवारात कुणालाही विचारा, आमचं ऑफिस दाखवतील.

आणि ज्या वकिलांना 'बार कौन्सिलला कळवू' असा फोन आलेला आहे, त्यांनी हप्ता भरू नये. प्रस्तावाची पीडीएफ, बिलं, बँकेचं स्टेटमेंट, साइटच्या पानांच्या तारखेसह प्रती आणि जमलं तर त्या फोनचं रेकॉर्डिंग घेऊन बार रूममध्ये मला भेटा. आतापर्यंत सांगलीहून एक आणि कोल्हापूरहून दोन जण पुढे आले आहेत. तिघांच्याही बिलांवर तोच रद्द झालेला जीएसटी क्रमांक आहे. एकत्र तक्रार देणार आहोत.