१.०४० की १.०६५? मुंबईत बिअरची पहिली बॅच लावताना

पहिली बिअर किती दाट करावी, १.०४० ची हलकी की १.०६५ ची तगडी, हा प्रश्न आहे. पण आधी कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा परवान्याचं आधी बघा, हायड्रोमीटर (द्रव किती दाट आहे ते मोजणारी काचेची नळी) मग घ्या.

वरचे आकडे ओरिजिनल ग्रॅव्हिटीचे. ओरिजिनल ग्रॅव्हिटी म्हणजे यीस्ट घालण्याआधी वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, किती साखर विरघळली आहे त्याचं माप; साध्या पाण्याचं १.०००. बहुतेकांना त्यातून एवढंच हवं असतं की चढेल किती. १.०४० ची बिअर आंबून १.०१० वर थांबली तर साधारण ३.९ टक्के अल्कोहोल, १.०६५ ची १.०१६ वर थांबली तर ६.४. हिशेब सोपा आहे, पण चव त्यावर ठरत नाही.

खरी गंमत कडवटपणात आहे. १.०४० ला २० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) छान बसतात. तेवढेच १.०६५ ला दिले तर माल्टचा गोडवा सगळं झाकून टाकतो. तोच तोल हवा असेल तर ३२-३३ पर्यंत जावं लागतं. त्यात दाट वर्टमध्ये हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा कमी उतरतो, म्हणजे हॉप्स त्या प्रमाणाहूनही जास्त लागतात. रेसिपीत नुसतं माल्ट वाढवून हॉप्स तसेच ठेवणारे इथेच फसतात.

गुळाने आकडा वाढवायचा मोह अनेकांना होतो. वीस लिटरला अर्धा किलो गूळ घातला की ८-९ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) चढतात खरे, पण यीस्ट तो जवळजवळ सगळा खाऊन टाकतं. अल्कोहोल वाढतं, बिअर मात्र पातळच राहते.

मग मुंबईचा उकाडा. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २१ अंश मानवतात. मे महिन्यात दादरच्या स्वयंपाकघरात सहज तीसच्या वर असतं. त्यात आंबताना पिंप आतूनही तापतं, आणि साखर जास्त तितकं जास्त. १.०६५ ची बॅच अशी तापली की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशाला जाळणारं अल्कोहोल पदरी पडतं. १.०४० ची बॅच ओला टॉवेल आणि पंख्यावर बरीचशी निभावते. क्वाइक हे नॉर्वेचं पारंपरिक यीस्ट वापरणार असाल तर गोष्ट वेगळी; ते तिशी-पस्तिशीतही खुशाल काम करतं.

१.०४० चा दोष म्हणजे ती पाणचट लागू शकते, आणि स्वच्छतेत हयगय झाली तर लगेच कळते. मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७-६८ अंशांवर ठेवा, थोडे ओट्स घाला, अंग येतं. शिवाय तीनेक आठवड्यांत प्यायला तयार. १.०६५ च्या बिअरला महिना-दोन महिने थांबावं लागतं.

तेव्हा पहिल्यांदाच करत असाल तर मी १.०४० च सांगेन. जुना फ्रिज आणि त्याला टेम्परेचर कंट्रोलर असेल, तरच १.०६५ कडे वळा, आणि वीस लिटरला ड्राय यीस्टची दोन पाकिटं घाला. हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेला असेल तर नमुना गार करून मोजा. तीस अंशांवर तो दोन-तीन पॉइंट कमी दाखवतो.