दोघं, दोन बॅगा आणि बँकॉकची एअरपोर्ट रेल लिंक

मुंबईहून रात्री निघालेलं विमान बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरतं तेव्हा तिथे पहाट झालेली असते. घड्याळ दीड तास पुढे करायचं. हॉटेलचं चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला, म्हणजे खोली मिळायला सात-आठ तास आहेत. झोप झालेली नाही, हातात दोन बॅगा आहेत आणि जोडीने केलेल्या सहलीतलं पहिलं भांडण साधारण इथेच होतं: टॅक्सी की ट्रेन?

ट्रेन म्हणजे एअरपोर्ट रेल लिंक. २०१० साली सुरू झाली. सुवर्णभूमी ते फया थाई आठ स्टेशनं, अर्ध्या तासाच्या आत शहरात. तिकीट अंतराप्रमाणे १५ ते ४५ बाट. पहाटे साडेपाच-सहापासून मध्यरात्रीपर्यंत चालते. थेट न थांबता जाणारी 'एक्सप्रेस' गाडी जुन्या माहितीत अजून दिसते. ती २०१४ मध्येच बंद झाली, शोधत बसू नका. आणि स्वस्त तिकीट काढलं असेल तर आधी त्यावरचा विमानतळ पाहा. डॉन म्वांग लिहिलं असेल तर हे सगळं तुमच्या कामाचं नाही, ही ट्रेन तिकडे जातच नाही.

इमिग्रेशनसाठी डिजिटल अरायव्हल कार्ड थायलंडमध्ये पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खरी नाही. नवरा-बायको असलात तरी दोघांची नोंद वेगळी लागते.

बाहेर पडता तो दुसरा मजला. तिथल्या बँकांच्या खिडक्यांवर चलन बदलू नका. लिफ्टने अगदी खाली, 'बी' मजल्यावर या. रेल लिंकच्या प्रवेशाजवळ चलन बदलणारी छोटी काउंटर आहेत आणि तिथला दर वरच्यापेक्षा उघड चांगला असतो. पासपोर्ट हातात ठेवा. शंभर डॉलरच्या नोटेला सुट्या डॉलरपेक्षा जास्त भाव मिळतो, नोट मात्र कोरी हवी, दुमडलेली किंवा शिक्का मारलेली नको. एटीएम हा शेवटचा पर्याय: परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास फी कापली जाते, आणि स्क्रीनवर 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं की 'नाही'च दाबायचं, नाहीतर दरातही मार बसतो.

तिकीट म्हणजे नाण्याएवढं प्लास्टिकचं गोल टोकन. माणशी एक. आत जाताना गेटवर टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. गोंधळ इथेच होतो: एकाने दोन्ही टोकनं खिशात ठेवली आणि दुसरा गेटच्या अलीकडे अडकला, हे दृश्य रोजचं. हजाराची नोट असेल तर मशीनशी झटापट नको, काउंटरवर जा.

गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. पण ही काही खास पर्यटकांची गाडी नाही, पुढच्याच लात क्रबांग स्टेशनपासून ऑफिसला जाणारे लोक चढतात. आठवड्याच्या दिवशी सकाळी सात ते नऊमध्ये डबा इतका भरतो की मोठी बॅग म्हणजे सगळ्यांना अडचण. दादरला गर्दीच्या वेळी सूटकेस घेऊन उतरून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

उतरायचं कुठे, यावर सगळी मजा किंवा सजा ठरते. प्रतूनामला हॉटेल असेल (भारतीय जेवणासाठी बरेच जण तिथेच राहतात) तर राचप्रारोप, ४० बाट, पुढे चालत. फूटपाथ मात्र बॅगेच्या चाकांची परीक्षा पाहतात. सुखुमवितला जायचं तर मक्कासान, ३५ बाट. एकेकाळी इथेच विमानाचं चेक-इन करायची योजना होती, म्हणून स्टेशन अवाढव्य आणि बरंचसं ओकं आहे. तिथून पुलावरून चालत फेचबुरी मेट्रोला, आणि मेट्रोने एकच स्टेशन. मेट्रोच्या दारात बॅगा तपासतात, आणि कार्ड टेकवून जाणार असाल तर एका कार्डावर दोघं जाता येत नाही. सियाम किंवा सिलोमकडे जाणाऱ्यांनी फया थाईपर्यंत, ४५ बाट. पुढे बीटीएसचं (शहरातली उन्नत रेल्वे) तिकीट वेगळं. सियामला सिलोम लाइनसाठी जिने चढू-उतरू नका, त्या लाइनची बांग वाकडे जाणारी गाडी त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला लागते.

आता हिशेब. दोघांचे फया थाईपर्यंत ९० बाट, वर बीटीएस. टॅक्सी पहिल्या मजल्यावर मिळते: मशीनमधून चिठ्ठी घ्या, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी उभं राहा, चिठ्ठी सांभाळून ठेवा (तक्रार करायची तर तीच लागते). मीटर ३५ बाटपासून, त्यावर विमानतळाचे ५० आणि टोल वेगळा. शहराच्या मध्यापर्यंत सगळं मिळून तीनशे ते चारशेच्या घरात. म्हणजे ट्रेन आणि टॅक्सीत फरक साधारण दीडशे ते अडीचशे बाटचा.

आमचं मत: केबिन बॅगा असतील तर ट्रेनच, डोळे झाकून. प्रत्येकी एक मोठी सूटकेस असेल आणि एकदाही गाडी बदलावी लागत असेल, तर सकाळच्या गर्दीत टॅक्सी घ्या. वाचलेले पैसे फया थाईच्या जिन्यावर घामातून वसूल होतात. दिवसा अकरानंतर उतरलात तर उलट, कारण तेव्हा रस्ते तुंबलेले असतात आणि डबे मोकळे. ही सेवा विमानतळाच्या टोकाला उत्तम आहे. ती कमी पडते शहराच्या टोकाला, गाडी बदलण्याच्या जागी.

सामान हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवून दोनपर्यंतचा वेळ नदीवर घालवा. बीटीएसने साफान ताकसिन, खाली साथोन धक्का. तिथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट गळ्यात मारतात. केशरी झेंड्याची साधी बोट १६ बाटमध्ये त्याच नदीतून त्याच देवळांपर्यंत नेते. ग्रँड पॅलेसबाहेर कुणी गोड बोलून 'आज बंद आहे' म्हणालं तर थांबू नका, तिकीट खिडकीपर्यंत जाऊनच खात्री करा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, दोघांचेही.