कृपा आणि इच्छास्वातंत्र्य : एका ऑनलाइन अभ्यासवर्गाविषयी
ख्रिस्ती मतानुसार पापातून होणाऱ्या सुटकेचा, म्हणजे तारणाचा, आरंभ देव आपल्या कृपेने करतो की माणसाचा होकार, या प्रश्नावरील या अभ्यासवर्गाचा सर्वांत कसदार भाग कृपेवर भर देणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या इच्छेवर भर देणारा पेलागियस या पाचव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंतांच्या वादाचा आहे. श्रद्धेची पहिली ओढदेखील कृपेचेच कार्य मानणाऱ्या, पण देव कोणाला दुष्टतेसाठी आधीच नेमतो ही कल्पना धिक्कारणाऱ्या इ. स. 529 च्या ऑरेंज (फ्रान्स) येथील धर्मपरिषदेचे ठराव शिक्षकांनी सावकाश उलगडले आहेत. कृपेने जागवलेली इच्छा तिला साथ देऊ शकते तशीच तिला नाकारूही शकते, हा ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेचा 1547 चा निर्णयही नेमका मांडला आहे. नेदरलँड्समधील डॉर्ट येथील प्रोटेस्टंटांची 1618-19 ची परिषद मात्र घाईने उरकली असून कृपा नाकारता येते असे मानणाऱ्या, डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांची बाजू (जी मला अधिक पटते) जेमतेम ऐकू येते. शुल्क माफक आहे. बायबलची जुजबी ओळख असणाऱ्यांनाच हा वर्ग झेपेल.